‘काउंटर-स्ट्राइक’ची अवीट गोडी

ग्रंथ न वाचतां त्याचें परीक्षण लिहिणाऱ्या टीकाकाराला आपण दोष देतों. परंतु खेळ न पाहतां त्यावर निकाल देणाऱ्या शिक्षकाला कोणी दोष देत नाहीं. हा दोष माझ्या हातून घडलेला आहे, आणि त्याचें थोडेंसें परिमार्जन व्हावें हाहि प्रस्तुत लेखाचा एक हेतु आहे.

सुमारें वीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी तेव्हां पेण येथें राहून रोह्यास शिकवावयास जात असें. पेणच्या बाजारपेठेंत एक लहानसा सायबर कॅफे होता. संध्याकाळीं तेथें तारांनीं एकमेकांस जोडलेल्या दहा संगणकांपुढें दहा मुलें बसत व ‘काउंटर-स्ट्राइक’ हा बंदुकांचा खेळ खेळत. माझा एक विद्यार्थीहि त्यांत असे. एके दिवशीं त्याचे वडील रस्त्यांत भेटले. तरुणपणीं ते कबड्डीचे नांवाजलेले गडी होते. ‘तुमचा मुलगा माणसें मारण्याचा खेळ खेळतो, त्याला आवरा,’ असें मीं त्यांना बजावलें. ते क्षणभर थांबून म्हणाले, ‘सर, मरत तर आम्हीहि होतों कीं रोज! मेलेला गडी रेघेबाहेर बसतो, एवढेंच.’ मला तें उत्तर भाबडें वाटलें. मुलाचें कॅफेंत जाणें मात्र बंद झालें.

पुढें बऱ्याच वर्षांनीं रोह्यास जाणाऱ्या गाडींत माझ्या समोरच्या बाकावर दोन तरुण एकाच मोबाइलवर माना वांकवून बसले होते. त्याच खेळाचा कोठलासा परदेशांतील सामना ते पाहत होते. एका पक्षाचे चार गडी पडले होते. पांचवा एकटा उरला होता, आणि समोर तिघे होते. तो एकटा कांहींच करीत नव्हता. भिंतीच्या आड उभा राहून नुसतीं पावलें ऐकत होता. त्या दोघांचें बोलणें थांबलें. कासू स्टेशन आलें व गेलें, तें त्यांना कळलेंहि नाहीं. रेघेबाहेर बसलेला मेलेला गडी मला त्या दिवशीं प्रथम दिसला. तेव्हांपासून मी हा खेळ, खेळाडू म्हणून नव्हे तरी प्रेक्षक म्हणून, लक्षपूर्वक पाहत आलों आहें.

या खेळाचा जन्मवृत्तान्त थोडक्यांत असा. कॅनडांतील मिन्ह ले व अमेरिकेंतील जेस क्लिफ या दोन विद्यार्थ्यांनीं, ‘व्हॉल्व्ह’ या कंपनीच्या ‘हाफ-लाइफ’ नामक खेळांत फेरफार करून, १९९९ सालीं हौसेनें तो तयार केला. २००० सालीं कंपनीनें तो आपलासा करून बाजारांत आणला. त्याच्या पुढील आवृत्ति २००३, २००४, २०१२ व २०२३ या सालीं निघाल्या. ज्या व्यवसायांत दोन वर्षांपूर्वींचा खेळ जुना ठरतो, त्यांत पंचवीस वर्षें टिकणें ही सामान्य गोष्ट नव्हे. २००१ सालीं रचलेलें ‘डस्ट-टू’ हें त्यांतील रणक्षेत्र अल्पस्वल्प बदलांनिशीं आजहि खेळलें जातें. तेव्हां, चित्रांचा झगमगाट हें या गोडीचें कारण नव्हे हें उघड आहे. झगमगाटांत त्याला मागें टाकणारे खेळ दरवर्षीं निघतच आहेत.

मग कारण कोणतें? तें शोधावयास दूर जाण्याची गरज नाहीं. आपलीं मैदानें पुरेशीं आहेत. हुतुतूचे तीन प्रकार पूर्वीं खेळले जात. संजीवनींत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला कीं आपला एक मेलेला गडी जिवंत होऊन आंत येतो. आजची कबड्डी याच वळणाची आहे. गामिनींत एकदां मेलेला गडी, सबंध संघ बाद होईपर्यंत, बाहेरच बसतो. अमर या प्रकारांत गडी बाहेर जातच नाहीं. गुण तेवढा मोजला जातो.

संगणकावरील बंदुकांच्या खेळांचेंहि असेंच वर्गीकरण करतां येईल. १९९६ सालीं निघालेल्या ‘क्वेक’सारख्या खेळांतील प्रसिद्ध झुंज अमर पद्धतीची होती. मेलेला खेळाडू तत्क्षणीं पुन्हां उभा राही आणि पुन्हां धांवत सुटे. मोबाइलवरील ज्या ‘पबजी’वर आपल्या सरकारनें २०२० सालीं बंदी घातली व ज्याचा भारतीय अवतार २०२१ सालीं आला, त्यांत पडलेल्या सोबत्याला दुसरा सोबती जाऊन उठवूं शकतो, ही एक प्रकारची संजीवनीच होय. ‘काउंटर-स्ट्राइक’ मात्र गामिनी आहे. पांच विरुद्ध पांच असा सामना असतो. एका पक्षानें ठरलेल्या दोन जागांपैकीं एकीवर बाँब ठेवावयाचा, दुसऱ्यानें तें होऊं द्यावयाचें नाहीं, किंवा ठेवलेला बाँब चाळीस सेकंदांच्या आंत निकामी करावयाचा. डाव जेमतेम दोन मिनिटांचा. परंतु त्यांत जो मेला तो डाव संपेपर्यंत मेला. तो आपल्या जिवंत सोबत्याच्या डोळ्यांनीं पुढील खेळ पाहत बसतो.

या एका नियमांतून खेळाचा सर्व स्वभाव निघाला आहे. अमर खेळांत किती मारले याला महत्त्व. येथें जिवंत राहण्याला महत्त्व. म्हणून येथें धांवण्यापेक्षां थांबणें, गोळी झाडण्यापेक्षां कान देणें अधिक मोलाचें ठरतें. पैशाचा हिशोबहि याच वृत्तीला पोसतो. प्रत्येक डावाच्या आरंभीं शस्त्रें विकत घ्यावीं लागतात, आणि मागील डावांत हरलेल्या पक्षाची थैली हलकी असते. अशा वेळीं पांचहि जण एकमतानें एक डाव हातचा सोडून पुढच्यासाठीं पैसा राखतात. एकानें हौसेनें महागडी बंदूक घेतली तर पुढील डावांत चौघांचें नुकसान होतें. काटकसर, संयम व परस्परांवरील भिस्त या गृहस्थाश्रमांतील गुणांची अशा खेळांत अपेक्षा कोण करील?

आणि मग तो प्रसंग येतो, ज्यासाठीं मुलें जीव टाकतात. चार गडी पडतात व एक उरतो. त्याचे प्रेक्षक म्हणजे त्याचेच चार मेलेले सोबती. कॅफेंतील दहा मुलांचा गलका अशा वेळीं एकाएकीं थांबत असे, तें मीं बाहेरून जातां येतां ऐकलें होतें. त्याचा अर्थ मात्र मला कळला नव्हता. अखेरच्या चढाईला निघालेल्या गड्याकडे रेघेबाहेरून पाहणाऱ्या संघाची शांतता आणि ही शांतता एकच होय. आपल्या साहित्यशास्त्रानें वीररसाचा स्थायीभाव उत्साह मानला आहे, व क्रोध हा रौद्राचा. या खेळांत क्रोध आवरतां न येणारा गडी लौकर मरतो. टिकतो तो उत्साहाच्या बळावर. हा खेळ मरण स्वस्त करतो असा माझा आरोप होता. वस्तुस्थिति अशी कीं, आपल्या जातीच्या खेळांत मरणाला किंमत आणणारा हा एक प्रमुख खेळ होय, आणि त्याच्या टिकाऊपणाचें बीज येथेंच आहे.

याचा अर्थ हा खेळ निर्दोष आहे असा नव्हे. त्यांतील मरणाची किंमत दोन मिनिटांची आहे. मेलेल्याला प्रेक्षक मिळतात, रडणारें कोणी मिळत नाहीं. करुणेला येथें थारा नाहीं, म्हणून काव्याच्या पंक्तीला तो बसणार नाहीं. दुसरा दोष अधिक ऐहिक आहे. २०१३ पासून त्यांत बंदुकांवरील रंगीबेरंगी वेष्टनांचा व्यापार शिरला. पैसे देऊन किल्ली घ्यावयाची, पेटी उघडावयाची, आंत काय निघेल तें नशिबावर! ही सोडतच आहे, आणि तिच्यामागोमाग पैजाहि आल्या. ज्या खेळानें डावांत पैसा जपावयास शिकवलें, त्यानेंच डावाबाहेर तो उधळावयास शिकवावा, ही विसंगति पालकांनीं दृष्टीआड करूं नये.

तिसरा दोष खेळाचा नव्हे, काळाचा आहे. तेव्हां दहा मुलें एका खोलींत बसत. हरलेल्याला जिंकलेल्याचें तोंड पाहावें लागे आणि बाहेर पडल्यावर चहाहि सर्वांचा एकत्र होई. आज मुलगा कानांवर हेडफोन चढवून घरीं एकटा बसतो. प्रतिपक्षाला चेहरा नाहीं, म्हणून शिवीला लाज नाहीं. कबड्डींत प्रतिपक्षाच्या हाताची पकड अंगाला कळते, आणि तीच उठावयास हातहि देते. तें येथें नाहीं. म्हणून मुलाला ‘आज किती मारलेस?’ असें विचारण्यापेक्षां ‘तुझ्याबरोबर कोण होतें?’ असें विचारणें मला अधिक उपयोगाचें वाटतें. पहिल्या प्रश्नाला एक आंकडा मिळतो. दुसऱ्याला कदाचित् चार नांवें मिळतील, आणि मिळालीं नाहींत तर काळजीचें कारण खरोखरच आहे.

तो विद्यार्थी गेल्या गणपतींत पेणला भेटला. स्वतःचा मुलगा त्याच्याबरोबर होता. मीं त्या जुन्या गोष्टीविषयीं खेद दाखवला. तो हंसून म्हणाला, ‘सर, खेळ सुटला त्याचें कांहीं नाहीं. पण त्या संध्याकाळीं आमचा सामना होता, आणि चौघांना मी येणार नाहीं हें सांगायचें राहिलें.’ खेळाचें मर्म मी ज्या गोष्टींत शोधीत होतों, ती त्यानें एका वाक्यांत सांगितली. माझ्याजवळ त्यावर उत्तर नव्हतें.