‘-मुळे’ या शब्दयोगी अव्ययाचा विपर्यास : होमोसिस्टीनविषयक मराठी लेखनाचा परामर्श

रक्तवाहिन्यांच्या विकारांवरील मराठी लेखनात संज्ञांचा वाद जुना आहे. धमनी म्हणावे की रोहिणी, हा त्यांपैकीच एक. मराठी विश्वकोशातील ‘रोहिणीविलेपीविकार’ हा शब्द जिभेला जड असला, तरी रोहिणीच्या आतील स्तरावर साचणारा लेप तो यथार्थपणे सांगतो. अशा शब्दांनी वाचक अडखळतो. फसत मात्र नाही. तो फसतो तो एका लहानशा शब्दयोगी अव्ययाने. ‘होमोसिस्टीनमुळे हृदयविकार होतो’ या वाक्यातील ‘-मुळे’ हे ते अव्यय होय. ‘मूळ’ या नामाशी नाते सांगणारे हे रूप दोन गोष्टींचे साहचर्य दाखवून थांबत नाही. पहिली गोष्ट दुसरीच्या मुळाशी आहे, असा निर्णयच ते देऊन टाकते.

हा निर्णय सर्वस्वी निराधार होता असे नाही. होमोसिस्टीन हे मेथिओनिनपासून शरीरातच तयार होणारे अमिनो अम्ल. चयापचयाच्या दोन भिन्न जन्मजात दोषांनी दगावलेल्या बालकांच्या रोहिण्यांत सारखीच विकृती आढळली आणि दोहोंत समान होते ते वाढलेले होमोसिस्टीन. यावरून १९६९ मध्ये किल्मर मॅककली यांनी आपला सिद्धान्त मांडला. त्या दुर्मिळ रोगात हे प्रमाण नेहमीच्या कित्येक पट असते व तेथे ‘-मुळे’ शोभते. किंचित वाढलेल्या प्रमाणाला तेच अव्यय जोडले गेले, तेथे गफलत झाली.

पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब१२ जीवनसत्त्व कमी होते व ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन लिटरला १५ मायक्रोमोलपेक्षा अधिक. शहरी मध्यमवर्गात हे आकडे अनुक्रमे ८१ व ७९ झाले. शाकाहाराशी या न्यूनतेचा संबंध स्पष्ट दिसला. ‘न्यूनतेमुळे होमोसिस्टीन वाढते’ हे विधान निर्दोष आहे, कारण त्याचे पुन्हा मेथिओनिन करणाऱ्या विकराला ब१२ लागते. पुढची पायरी वेगळी. ब१२, ब६ व फोलिक अम्ल देऊन होमोसिस्टीन उतरवणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००६ सालीच आले. ५,५२२ रुग्णांच्या ‘होप-२’ मध्ये ते उतरले, पण हृदयविकाराचे झटके व हृदयमृत्यू घटले नाहीत. नॉर्वेतील चाचणीतही लाभ दिसला नाही. पक्षाघाताची गोष्ट थोडी निराळी : चीनमध्ये रक्तदाबाच्या २०,७०२ रुग्णांवरील २०१५ च्या चाचणीत औषधासोबत फोलिक अम्ल घेणाऱ्यांत पहिला पक्षाघात सुमारे एकपंचमांशाने कमी आढळला. एवढ्या गुंतागुंतीला एकच ‘-मुळे’ पुरत नाही. ‘होमोसिस्टीन वाढलेले असते तेथे हृदयविकार अधिक आढळतो’ हे वाक्य लांब आहे, आणि खरे आहे.

‘खनिज’ या शब्दाची अडचण दुसऱ्या प्रकारची. वणीसारख्या गावी तो उच्चारताच कोळसा व चुनखडी आठवणार. रक्तातील जस्त किंवा तांबे कोणाच्या मनात येणार नाही. ‘लेशमूलद्रव्य’ हा शब्द म्हणूनच बरा. ब१२ च्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट असते. पण कोबाल्ट खाऊन माणसाला ब१२ मिळत नाही. ते सूक्ष्मजीवच घडवतात. गाईच्या पोटातील सूक्ष्मजीव चाऱ्यातील कोबाल्टपासून ते तयार करतात आणि दुधावाटे ते आपल्याकडे येते. ‘खनिजांच्या अभावी’ अशा ढोबळ शब्दप्रयोगात हा सारा मार्ग लुप्त होतो.

पुण्याचे आकडे वणीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तथापि भाकरी आणि तुरीचे वरण यांवर, दुधाविना, भागवणाऱ्या घरात फोलेट मिळते, ब१२ मिळत नाही. हे कोणत्याही गावी खरे. अशा घरातील वाचकाला आधी ‘होमोसिस्टीनमुळे हृदयविकार’ असे सांगितले आणि मग चाचण्या फसल्याचे त्याच्या कानी आले, तर तो ब१२ लाच निरुपयोगी ठरवील. वस्तुतः ब१२ च्या न्यूनतेमुळे पांडुरोग होतो, मज्जातंतूंना इजा होते. येथे ‘-मुळे’ निःसंशय योग्य आहे. नुसते फोलिक अम्ल घेतल्यास रक्त सुधारलेले दिसते, आणि हातापायांच्या मुंग्या व बधिरता मात्र आतल्या आत वाढत राहते.