अकरा टक्के शेळी

‘माणसांच्या वस्तीत बिबट्या काय खातो?’ असं पीएचडीच्या मुलाखतीत विचारलं, तर तयारी करून आलेले बहुतेक जण एकाच पेपरचं नाव घेतात. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा, ‘ओरिक्स’ या संशोधनपत्रिकेच्या २०१६ च्या खंडातला. पेपर चांगलाच आहे, हे आधी सांगून टाकतो. माझी तक्रार तो वाचण्याच्या आपल्या पद्धतीबद्दल आहे.

काम अकोले तालुक्यातलं, नगर जिल्हा. बिबट्याची विष्ठा गोळा करायची, धुवायची, त्यातले केस कोणत्या प्राण्याचे ते ओळखायचं. नुसतं ‘किती नमुन्यांत कोणाचे केस’ एवढंच मोजलं तर लहान प्राणी फुगून दिसतात, कारण मांसाच्या मानाने त्यांचे केस जास्त. म्हणून जैवभार काढतात. त्यात निघालं असं: ८७ टक्के पाळीव प्राणी, पैकी एकटा कुत्रा ३९ टक्के. शेळ्या मात्र संख्येने कुत्र्यांच्या सातपट असूनही फक्त ११ टक्के. रानात काय आहे आणि पोटात काय गेलं, ही दोन्ही मापं शेजारी ठेवली, हे या पेपरचं खरं बळ.

आता गडबड बघा. ‘बिबट्याला शेळीपेक्षा कुत्रा आवडतो’ हे वाक्य मी सेमिनारमध्ये ऐकलंय, एकदा स्वतःही ठोकून दिलंय. पण आवड मोजली कुठे? शेळी दिवसा राखणीत असते, रात्री कोंडलेली. कुत्रं उकिरड्यावर मोकळं. म्हणजे त्या ११ टक्क्यांत बिबट्याच्या जिभेइतकंच राखणाऱ्या माणसाचं जागरणही आहे. (‘वाघ व्हा, शेळी होऊ नका’ म्हणणाऱ्या वक्त्यांना हा तक्ता दाखवायला हवा. शेळ्या टिकल्यात त्या कोणीतरी राखतं म्हणून.) लोटका आणि व्होल्टेरा यांची १९२५-२६ ची समीकरणं तुम्ही सोडवली असतील. त्यांत भक्षक आहे, भक्ष्य आहे. राखणदाराला चल नाही.

दुसरी चूक म्हणजे तोच आकडा उचलून भोर-वेल्ह्याला चिकटवायचा. अकोल्याचा अभ्यास शेतीच्या, उसाच्या, दाट वस्तीच्या भागातला. राजगड-तोरण्यापलीकडे घाटमाथ्याकडे गेलात तर धनगरवाडे विरळ, चार-दोन घरांचे, भोवती रान. गवळी धनगरांकडे म्हशी आणि गाई. तिथे बिबट्याने नेलं तर बऱ्याचदा रेडकू नाहीतर वासरू. प्रमाण काय, ते तिथेच मोजावं लागेल.

आणि समजा मोजलं, तरी ते बिबट्याच्या बाजूचं माप. त्याच्या आहारातला किरकोळ टक्का एखाद्या घराचं वर्षाचं गणित असू शकतो. वेल्ह्यातल्या एका वाड्यावर मी प्रश्नावली काढून आजींना विचारलं, “नुकसान किती झालं?” म्हणाल्या, “रेडकाचं काय घेऊन बसलास? म्हस पान्हा सोडंना, ते लिही.”

माझ्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता. जनावराचं वय, अंदाजे किंमत, तारीख, एवढंच. भरपाईच्या पंचनाम्यातही मेलेल्या जनावराची किंमत धरतात, आटलेल्या दुधाची नाही. पण निदान मी तरी वेगळं विचारायला हवं होतं. दीड वर्ष मी तोच तक्ता घेऊन फिरत होतो.

नवीन प्रश्नावलीत ‘त्यानंतर म्हशीने किती दिवस दूध दिलं नाही?’ हा प्रश्न घातलाय. जुन्या घरांकडे पुन्हा जायचंय. पावसात वाटा निसरड्या, त्यामुळे दिवाळीनंतरच.