तीन नळ्या आणि तीस दाब

कोल्हापूरच्या माणसाला 'सीपीआर' म्हटलं की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आठवतं. मी मूळचा तिकडचाच. त्यामुळे जर्मनीत मास्टर्स संपवून नोकरीला लागलो आणि ड्रायव्हिंग लायसन्ससाठी प्रथमोपचाराच्या कोर्सला बसलो, तोवर या अक्षरांचा दुसरा अर्थ मला काय तो सिनेमातूनच ठाऊक होता. दिवसभर रबरी पुतळ्याची छाती दाबली, प्रमाणपत्र मिळालं, ते फाइलमध्ये गेलं. तुमच्यापैकी अनेकांचंही असंच कुठल्या तरी फाइलमध्ये असेल.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्सुफेनहाउझेनमध्ये भाड्याच्या एका हॉलमध्ये दिवाळीचा कार्यक्रम होता. बटाटेवड्याच्या रांगेत एका मित्राचे वडील, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेले, एकदम कोसळले. आम्ही वीस-पंचवीस सुशिक्षित मंडळी भोवती जमलो. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी तळवे चोळले, कुणी "कांदा आणा!" म्हणून ओरडलं. काकांच्या घशातून थांबून थांबून घरघर येत होती. "श्वास चालू आहे," असं मीच जाहीर केलं. तेवढ्यात हॉलचा हाउसमाइस्टर धावत आला. त्याने आम्हाला बाजूला सारलं, काकांना सपाट निजवलं, एकाला ११२ फिरवायला सांगितलं आणि कोपरं ताठ ठेवून छाती दाबायला लागला. मोठ्याने मोजत.

ती घरघर म्हणजे श्वास नव्हता. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं शरीर अशा उचक्या देत राहतं. कोर्समध्ये हे सांगितलं होतं, पण ऐन वेळी मला आठवला तो सिनेमा. साहजिकच आहे. कोर्स एक दिवस केला, सिनेमे लहानपणापासून पाहतोय! म्हणून आज सिनेमाचीच जरा झडती घ्यावी म्हणतो.

मनमोहन देसाईंचा 'अमर अकबर अँथनी' (१९७७) कोण विसरेल? शेजारीशेजारी तीन खाटा, तीन मुलगे, तिघांचं रक्त गुरुत्वाकर्षणाला रजा देऊन नळ्यांतून वर चढतं आणि थेट आईच्या शरीरात उतरतं. यावर वैद्यकीय आक्षेप घेणारा माणूस अरसिकच म्हणायचा. मला तो प्रसंग आजही आवडतो. 'थ्री इडियट्स'मध्ये (२००९) नवजात बाळ रडत नाही, आणि 'ऑल इज वेल' ऐकून पाय हलवतं, तेव्हाही माझे डोळे भरून येतात.

तेव्हा शास्त्र चुकीचं दाखवतात, ही माझी तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. आपल्या पडद्यावर जीव वाचतो तो मायेने. आईच्या हाकेने, घंटेच्या नादाने, नायकाने "उठ!" म्हणत रागारागाने छातीवर मारलेल्या बुक्क्यांनी. वाचवणारा नेहमी आपला, रक्ताचा किंवा जिवाभावाचा. परका माणूस करतो काय, तर गर्दी करतो आणि "पोलीस केस आहे" म्हणतो. त्या दिवशी हॉलमध्ये माया आमच्याकडे भरपूर होती. मोजत होता तो परका माणूस.

बरं, पाश्चात्त्य पडदा तरी धुतल्या तांदळासारखा आहे का? तिथे मायेच्या जागी यंत्र येतं. 'कसिनो रोयाल'मध्ये (२००६) विष चढलेला बाँड गाडीतल्या डिफिब्रिलेटरचा झटका बसताच शुद्धीवर येतो आणि थोड्याच वेळात पुन्हा पत्त्यांच्या टेबलावर! दवाखान्याच्या मालिकांत तर पडद्यावरची रेघ सरळ झाली की झटका ठरलेलाच. प्रत्यक्षात सरळ रेषेवर झटक्याचा उपयोग नसतो. तो हृदयाच्या बेताल थरथरीवर देतात. १९९६ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात तीन टीव्ही मालिकांचा हिशोब छापून आला होता. सीपीआरच्या साठ प्रसंगांपैकी तीन-चतुर्थांश रुग्ण तिथल्या तिथे वाचले होते. दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी जर्मनीत जिवंत घरी परततो तो साधारण दहातला एक.

काका चौथ्या दिवशी अतिदक्षता विभागात गेले. मित्राने मला विचारलं, "त्या माणसाने सगळं बरोबर केलं होतं ना रे? मग?" त्याच्या प्रश्नात हाउसमाइस्टरवर किंचित संशय होता. हॉलमध्ये बरगडीचा कडकन आवाज आला, तेव्हा "अहो, थांबवा त्याला" असंही कुणीतरी म्हणालं होतं. पडद्यावर बरगड्या मोडत नाहीत ना!

इथे दिग्दर्शकाची अडचणही समजून घ्यायला हवी. धडधाकट नटाची छाती पाच-सहा सेंटीमीटर दाबता येत नाही. म्हणून कोपरं वाकवून गोंजारल्यासारखे दाब देतात. पण वेळ दाखवायला काय हरकत आहे? मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, तीस झाले की दोन श्वास, मदत येईपर्यंत. पडद्यावर आठ-दहा दाबांत सगळं आटोपतं. वाट पाहणं कुणी दाखवतच नाही.

त्या वाट पाहण्याची किंमत आमच्या शेजारच्याच विनेंडेन गावाला ठाऊक आहे. ३ मे १९६९ रोजी ब्योर्न श्टायगर या आठ वर्षांच्या मुलाला पोहून घरी येताना गाडीने धडक दिली. रुग्णवाहिका यायला जवळजवळ तास लागला आणि मूल वाटेतच गेलं. त्याच्या आईवडिलांनी संस्था काढली, सरकारशी भांडले, आणि १९७३ साली ११० आणि ११२ हे क्रमांक देशभर लागू करायचं ठरलं. यावर सिनेमा काढायचा तर त्यात तासभराची शांतताच दाखवावी लागेल.

१२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानावर क्रिस्तियान एरिकसन कोसळला, तेव्हा खरा सीपीआर जगाच्या समोर चालला होता. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडं केलं आणि कॅमेऱ्यांची नजर अडवली. योग्यच केलं. आपल्याला त्यातून कळलं ते एवढंच, की तो आज चालताबोलता आहे.

जर्मनीतल्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने २०१४ साली शिफारस केली, की सातवीपासून शाळेत हे शिकवावं. माझी मुलगी आठवीत आहे, तिच्या वर्गात पुतळे येऊन गेले. तेव्हापासून तिच्याबरोबर सिनेमा बघायची सोय राहिलेली नाही. परवा नायिका नायकाच्या छातीवर रडत होती, माझाही गळा दाटून आला होता, आणि सोफ्याच्या कोपऱ्यातून आवाज आला, "बाबा, सातच झाले. आणि कोपर वाकलंय."