प्रोबायोटिक्सची यादी आणि दहावीचे पुस्तक

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाने २०१८ साली दहावीसाठी 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' हे पुस्तक दोन भागांत काढले. दुसऱ्या भागातील सातवे प्रकरण सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख करून देते. सूक्ष्मजीव म्हणजे रोग, हे जुने समीकरण या प्रकरणाने मागे टाकले, ही गोष्ट आधी मान्य करायला हवी. चीज, व्हिनेगर आणि सायट्रिक आम्लापासून समुद्रात सांडलेले तेल खाणाऱ्या जिवाणूंपर्यंत बराच प्रदेश त्यात हिंडवून आणला आहे. आमच्या शाळेच्या दिवसांत यातले निम्मेही नव्हते. परंतु याच प्रकरणात प्रोबायोटिक्सवर एक छोटा भाग आहे आणि तो शिकवताना शिक्षकांनी थोडे थांबावे असे मला वाटते.

पुस्तकाच्या मते प्रोबायोटिक्स हेही दुग्धजन्य पदार्थच, फक्त त्यांत क्रियाशील जिवाणू असतात. पुढे ते कोणकोणत्या रूपांत मिळतात याची यादी येते. तीत योगर्ट व केफिर आहेत, कोबीचे आंबवलेले लोणचे आहे. त्यांच्याच रांगेत डार्क चॉकलेट, मिसो सूप, लोणची, तेले, मक्याचे सायरप आणि कृत्रिम गोडी आणणारे पदार्थही आहेत. कोबी, मिसो आणि तेल यांचा दुधाशी काय संबंध, हा प्रश्न वर्गातल्या एखाद्या चौकस मुलाला पडलाच पाहिजे. सहसा पडत नाही. आंबिवलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या एका मुलीने परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ही यादी न अडखळता म्हणून दाखवली. मक्याचे सायरप कशाशी खातात हे मात्र तिला ठाऊक नव्हते.

प्रोबायोटिक म्हणजे काय, यावर २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी एक व्याख्या ठरवली. तिचा आशय असा की सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा संख्येने पोटात जायला हवेत, आणि त्यांमुळे आरोग्याला लाभ होतो हे दिसून आलेले हवे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली आपल्याकडची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, त्यांचाही रोख हाच आहे. आता ही तीन चाळणी यादीला लावून पाहू. कोकोच्या बिया आंबवतात हे खरे, त्यात यीस्ट, लॅक्टिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल तयार करणारे जिवाणू आळीपाळीने काम करतात. पण नंतर त्या बिया शंभर अंशांच्या वर भाजतात. चॉकलेटला चव मिळते ती या जिवाणूंच्या कामामुळे, पण आपल्या हातात वडी येईपर्यंत कामगार केव्हाच गेलेले असतात. मिसो उकळत्या पाण्यात घातले की त्यातल्या जिवाणूंचीही तीच गत. मक्याचे सायरप हे मक्याच्या स्टार्चपासून केलेला साखरेचा पाक आहे. त्यात इतके कमी मोकळे पाणी असते की जिवाणूंना तेथे वाढणे अशक्यच. स्पिरुलिनाची भुकटी म्हणजे वाळवलेल्या पेशी.

लोणच्याची गोष्ट जरा निराळी आहे. कोबी साधारण दोन-अडीच टक्के मिठात दाबून ठेवला की त्याच्यावरचेच लॅक्टिक आम्ल जिवाणू वाढतात आणि तो आंबतो. आपल्या कैरीच्या लोणच्यात मीठ याहून बरेच जास्त, वर तेलाचा थर, मोहरी, हळद, हिंग. ही सगळी व्यवस्था सूक्ष्मजीवांना रोखण्यासाठी आहे. युरोपातले 'पिकल' मराठीत 'लोणचे' झाले आणि भाषांतरात जिवाणूही आयात झाले, असा माझा अंदाज आहे. तेल आणि चॉकलेट यादीत कसे शिरले याचाही तर्क करता येतो: काही उत्पादक जिवाणू वाहून नेण्यासाठी तेलाचा किंवा चॉकलेटचा उपयोग करतात. वाहन आणि प्रवासी यांतला फरक तेवढा सुटला. कृत्रिम गोडीचा मात्र मला कोणताही तर्क लागत नाही. इस्राएलमधील वाइझमान संस्थेच्या गटाने २०१४ साली दाखवले ते याच्या उलट दिशेचे होते. सॅकरिन दिलेल्या उंदरांच्या आतड्यातील जिवाणूंची रचना बदलली आणि साखर पचवण्याची त्यांची क्षमता बिघडली.

यादीतल्या चुका पुढच्या आवृत्तीत एका दुपारी दुरुस्त होतील. अधिक गंभीर आहे तो त्यानंतरचा मजकूर. प्रतिजैविके घेतल्यावर आतड्यातील उपयुक्त सूक्ष्मजीवही निकामी होतात, प्रोबायोटिक्स त्यांना पुन्हा कार्यरत करतात, आणि अतिसारावरील उपचारात त्यांचा उपयोग होतो, असे तेथे सरळ विधान आहे. हे वाचून मोठा झालेला मुलगा उद्या आपल्या लहान भावाला जुलाब लागल्यावर औषधांच्या दुकानात काय मागेल, याचा विचार करावा.

याच वाइझमान संस्थेने २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २१ निरोगी माणसांना आठवडाभर प्रतिजैविके दिली आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला नंतर काहीच दिले नाही, दुसऱ्याला अकरा प्रकारच्या जिवाणूंचे प्रोबायोटिक दिले, तिसऱ्याला प्रतिजैविकांपूर्वी साठवून ठेवलेले त्यांचे स्वतःचेच मलजिवाणू परत दिले. तिसऱ्या गटाचे जिवाणू काही दिवसांत पूर्ववत झाले. काहीच न घेणाऱ्यांचे साधारण तीन आठवड्यांत झाले. प्रोबायोटिक घेणाऱ्यांत मात्र मूळ जिवाणू परतण्याची क्रिया सर्वांत मंद ठरली. बाहेरून आलेल्यांनी जागा अडवली असावी. २१ माणसे म्हणजे फार नव्हेत, म्हणून यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. शिवाय दुसरी बाजूही आहे. २०१९ च्या कोक्रेन आढाव्यात ३३ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा प्रतिजैविकांबरोबर प्रोबायोटिक घेणाऱ्या मुलांत जुलाब होण्याचे प्रमाण ८ टक्के होते, न घेणाऱ्यांत १९ टक्के. म्हणजे जुलाब कमी होणे आणि आपले मूळ जिवाणू परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुस्तकाने त्या एका वाक्यात गुंडाळल्या.

संसर्गाने होणाऱ्या जुलाबांचे काय? अमेरिकेत ९७१ आणि कॅनडात ८८६ लहान मुलांवर झालेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ साली आले. दोन्हींत प्रोबायोटिक आणि दिखाऊ पूड यांत फरक आढळला नाही. आपल्याकडची मुले, आपले जंतू वेगळे, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण ज्या उपायाबद्दल शंका उरलेली नाही तो त्या परिच्छेदात नाही: मीठ-साखर-पाणी. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपांतून वाटले आणि कॉलऱ्याच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते ते चार टक्क्यांच्या खाली आले. दहावीच्या मुलाला जुलाबाबद्दल एकच वाक्य सांगायचे असेल, तर ते ओआरएस आणि झिंकचे असायला हवे.

याचा अर्थ प्रोबायोटिक्स म्हणजे निव्वळ जाहिरात, असा कोणी करून घेऊ नये. या विषयातील सर्वांत मोलाच्या चाचण्यांपैकी एक आपल्याच देशात, ओडिशाच्या खेड्यांत झाली. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बालकांपैकी निम्म्यांना सात दिवस 'लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम'चा एक विशिष्ट वाण आणि त्याचे खाद्य असलेली शर्करा दिली. रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. २०१७ साली 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झाले. योग्य वाण सापडण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे घालवली होती. म्हणजे एक वाण, एक मात्रा, एक वय आणि एक आजार. 'लॅक्टोबॅसिलस' हे आडनाव आहे. एकाच आडनावाची सगळी माणसे सारखी नसतात हे शिक्षकांना सांगायला नको.

पुस्तकात जे नाही त्याचीही थोडी हळहळ वाटते. केफिर आणि मिसो आहेत, पण कोकणातल्या आंबोळीला किंवा आंबिलाला त्या यादीत जागा नाही. इडलीचे पीठ फुगवण्यात 'ल्यूकोनॉस्टॉक' या जिवाणूचा मोठा हात असतो. इडली वाफवली की तेही मरतात, पण तोवर त्यांनी डाळ-तांदळावर काम करून ठेवलेले असते. जिवंत जिवाणू आणि जिवाणूंनी केलेले काम हा भेद शिकवायला इडलीपेक्षा सोपे उदाहरण नाही. भारतीय आतड्यांवरचे संशोधनही पुण्यातच, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने केले. 'प्रिव्होटेला' आणि 'मेगास्फेरा' यांचे प्राबल्य हे भारतीयांचे वैशिष्ट्य त्यांनी २०१६ साली नोंदवले. अमेरिकनांची घडण निराळी आहे. आणि सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या औषधांबद्दल बोलायचे तर पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार यांच्या गटाला तिथल्याच मातीतील एका स्ट्रेप्टोमायसिसपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळाले. त्या जिवाणूच्या नावातच पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हे नाव ऐकून वर्ग नक्की हसेल, आणि लक्षातही ठेवील.

पुस्तक बदलेपर्यंत शिक्षकांनी यादी वर्गातच तपासावी. दूध उकळून कोमट करा आणि सहा वाट्यांत घाला. एकीत चमचाभर दही, दुसरीत पाण्यात दहा मिनिटे उकळून गार केलेले दही, तिसरीत किसलेले डार्क चॉकलेट, चौथीत लोणच्याचा खार, पाचवीत साखरेचा घट्ट पाक, सहावीत काहीच नाही. सहावी वाटी विसरू नका. उकळलेल्या दुधातही काही बीजाणू टिकतात आणि ते नासू शकते. लोणच्याची वाटी बहुधा लगेच फाटेल आणि मुले 'दही झाले' म्हणून ओरडतील. तेव्हा दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाटीतला एक चमचा नव्या कोमट दुधात घालायला सांगा. आम्लाने फाटलेले दूध असे पुढे चालत नाही, विरजण चालते. तिसऱ्या दिवशी तेच पुन्हा करा. या प्रयोगाने एवढेच कळते की दुधात वाढणारे जिवंत जिवाणू कोणत्या वाटीत होते. दह्याची वाटी जिंकली तरी घरचे दही व्याख्येनुसार प्रोबायोटिक ठरते का, हा प्रश्न उरतोच, कारण त्यातले वाण कोणते आणि किती हे कोणी मोजलेले नसते. योगर्टमधील जिवंत जिवाणूंमुळे दुधातली शर्करा पचायला मदत होते, हे मात्र तपासून मान्य झालेले आहे. ज्यांना दूध सोसत नाही पण दही चालते अशी माणसे कोणाकोणाच्या घरी आहेत, हे मुलांना विचारून यायला सांगावे.