चूक की खूण?

शंतनूने विचारू नये ते विचारले आणि गंगा त्याला सोडून गेली. सात मुले नदीत गेली तरी राजाने तोंड उघडले नव्हते. आठव्या वेळी मात्र त्याला राहवले नाही. ही कथा मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलेदेखील गप्प बसतात. समजा, सांगणाऱ्याने गोंधळून तिसऱ्याच मुलाच्या वेळी शंतनूच्या तोंडी प्रश्न घातला आणि गंगा तशीच नांदत राहिली, तर? मग आठव्या वेळच्या वियोगाला काय अर्थ उरला?

माणसाची आणि माणसापलीकडच्या कुणाची प्रीती अशी नेहमी एखाद्या अटीवर उभी असते. अट मोडली की वियोग, अट पाळली की दुःख. सारा रस त्या दोहोंमध्ये.

इंग्रजीत आज अशा कथांचा ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ नावाचा मोठा संसार मांडलेला आहे. नायक रक्तपिपासू असतो, लांडग्याचे रूप घेणारा असतो, नाहीतर दुसऱ्याच शतकातला असतो. माझ्या विद्यार्थिनी ही पुस्तके आवडीने वाचतात आणि त्यांच्यामागून मीही वाचते. नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नव्हे. पण यांतली पुष्कळ पुस्तके अर्ध्यावर हातातून गळून पडतात, आणि त्याचा दोष मी कल्पनाशक्तीला देत नाही. दोष असतो तो संपादनाचा.

कुणी म्हणेल, प्रेमकथा वाचणारा भावना वाचतो. त्याला चुका काढण्याची मास्तरकी कशाला हवी? आक्षेप वरवर रास्त वाटतो. साध्या कौटुंबिक कादंबरीत नायकाचे डोळे तिसऱ्या प्रकरणात घारे आणि अकराव्यात काळे झाले, तर वाचक ‘छापणाऱ्याची डुलकी’ म्हणून पुढे जातो. अद्भुत प्रेमकथेत मात्र त्याला तसे पुढे जाता येत नाही. का, ते उदाहरणाने पाहू.

स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी 2005 साली निघाली. तिच्यातल्या एडवर्डचे डोळे पहिल्या भेटीत काळेभोर असतात, पुढे सोनेरी दिसतात. बेला ते टिपते आणि त्याला विचारतेही, की तू काँटॅक्ट लेन्स घातल्यास का? तो नाही म्हणतो. पुढे उलगडा होतो : तहान लागली की डोळे काळे, भागली की सोनेरी. म्हणजे डोळ्यांचा बदललेला रंग ही इथे खूण आहे. बेला ज्या बारकाईने एडवर्डकडे पाहते, त्याच बारकाईने वाचकाने पुस्तकाकडे पाहावे अशी लेखिकेची अपेक्षा आहे.

असा तयार झालेला वाचक दुसरे पुस्तक उघडतो आणि तिथे घाऱ्याचे काळे झालेले डोळे त्याला भेटतात. तो थांबतो, मागची पाने चाळतो, मनाशी काही अंदाज बांधतो. पुस्तक संपते तरी उलगडा होत नाही, कारण ती खूण नव्हतीच. ती नुसती चूक होती. असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी खरी खूण समोर आली तरी तो तिच्यावर विश्वास ठेवीत नाही. माझ्या मते खरी रसहानी ती हीच.

अट सांभाळली की काय साधते, तेही पाहा. मेयर यांच्या कथेत उन्हात उभे राहिले की एडवर्डची कांती चमकू लागते आणि गुपित फुटते. म्हणून तो अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या ढगाळ, पावसाळी गावी राहतो. 2006 सालच्या ‘न्यू मून’मध्ये इटलीतल्या व्होल्तेरा गावी जीव द्यायला निघालेला एडवर्ड भर दुपारी उन्हात पाऊल टाकणार असतो आणि बेला त्याला अडवायला धावत सुटते. आधीच्या एखाद्या पानावर तो सहज उन्हात बसलेला राहून गेला असता, तर तिचे हे धावणे हास्यास्पद झाले असते. मेयर यांची भाषा कुणाला आवडो न आवडो, इथे अट राखली गेली आहे.

ब्रॅम स्टोकर यांनी ‘ड्रॅक्युला’ 1897 साली प्रसिद्ध केली, पण तिची टिपणे 1890 पासूनची आहेत. काउंटच्या घरात आरसा नाही, अशी नोंद त्या टिपणांत आहे. पुस्तकात दाढी करताना हार्करला मागे उभा असलेला काउंट आरशात दिसत नाही, तेव्हा अंगावर काटा येतो. तो काटा त्या टिपणातूनच उगवला आहे.

उलट बाजूचा दाखला डायना गॅबल्डन यांच्या ‘आउटलँडर’चा. महायुद्ध संपल्यावर क्लेअर ही परिचारिका स्कॉटलंडमधल्या उभ्या शिळांतून थेट 1743 सालात जाऊन पडते. 1991 साली निघालेल्या अमेरिकी आवृत्तीत कथेचा आरंभ 1945 मध्ये होतो; ‘क्रॉस स्टिच’ नावाच्या ब्रिटिश आवृत्तीत तो 1946 मध्ये. फरक एका वर्षाचाच. पण जिथे कथाच कालप्रवासाची आहे, तिथे वाचक बोटांवर वर्षे मोजत असतो. दोन्ही पुस्तके ज्याच्या हाती पडतील, तो या वर्षातही काही गूढ शोधत बसेल. कादंबरी जोमदार म्हणून ती हा ओरखडा सोसते. दुबळ्या कादंबरीला तो सोसत नाही.

आपल्याकडे खिळे गेले, संगणक आला. पण ‘तिने दीर्घ विश्वास टाकला’ असे छापायला संगणकाचीही हरकत नसते. ऐन विरहात वाचक हसतो आणि भूत पळून जाते! शिवाय आता घरबसल्या पुस्तक बाजारात आणता येते. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये पूर्वी जी दोन-चार जागरूक माणसे बसत, ती पुष्कळदा नसतातच. लेखकाला स्वतःचे लिखाण पाठ असते. पानावर नसलेलेही त्याला तिथे दिसते. म्हणून परक्या डोळ्यांची गरज.

अशा कादंबरीच्या संपादकाने शुद्धलेखनाच्या आधी एक साधी वही करावी. उन्हात काय होते, आरशात काय दिसते, दारातून बोलावल्याशिवाय आत येता येते की नाही, कोणते साल चालू आहे, हे सारे तीत लिहावे आणि प्रत्येक प्रकरण त्या वहीशी ताडून पाहावे. काम कंटाळवाणे आहे आणि त्याबद्दल कुणी पाठ थोपटीत नाही. परंतु वाचक एक अशक्य गोष्ट मोठ्या मनाने खरी मानून पुस्तकात शिरलेला असतो. बाकीच्या गोष्टी तरी पडताळून ठेवणे, एवढे आपण त्याचे देणे लागतो.