दाराची यादी आणि दाराच्या बिजागऱ्या

माझ्या पीएचडीच्या पहिल्या प्रपोजलमध्ये एक ओळ होती: ‘प्रयोगासाठी छोटा गेम तयार करणे – २ आठवडे’. लागले साडेचार महिने. मी प्रोग्रामिंग शिकलेली, तरीही ती ओळ लिहिताना हात थांबला नाही. असं का होतं, हे आज बघू. कारण गेमची नसली तरी अशी एखादी ओळ तुमच्याही प्रपोजलमध्ये असणारच.

या विषयावर गेम डिझायनर लिझ इंग्लंड यांचा ‘द डोअर प्रॉब्लेम’ (२०१४) हा छोटा लेख जरूर वाचा. आपलं काम नेमकं काय असतं हे बाहेरच्यांना सांगायला त्यांनी साधं दार घेतलंय. गेममध्ये दारं आहेत का? सगळी उघडतात का? कुठलं उघडतं आणि कुठलं नाही, हे खेळाडूला कळणार कसं? खेळणारे दोघं असतील तर? मग तेच दार प्रोग्रामर, आर्टिस्ट, साउंडवाले अशा एकेकाच्या टेबलावरून फिरतं. शेवटी खेळाडू येतो, आणि तिथे दार होतं हे त्याच्या लक्षातही आलेलं नसतं. लेखाचं मर्म या शेवटात आहे. काम नीट झालं की ते दिसेनासं होतं, आणि जे दिसत नाही त्याचे कष्ट बाहेरचा माणूस मोजत नाही.

पण लेख यादीवर थांबतो, ही त्याची मर्यादा. यादी वाचून वाटतं, काम भरपूर आहे खरं, पण एकेका प्रश्नावर टिक करत गेलं की संपेल. खरी अडचण प्रश्नांना जोडणाऱ्या बिजागऱ्यांत असते. समजा ठरवलं, शत्रूलाही दार उघडता येईल. झालं! खेळाडूची लपायची जागा गेली. आता खोलीची रचना बदलायची, गोळ्या किती द्यायच्या ते बदलायचं, आणि काल पूर्ण झालेली कामं पुन्हा उघडायची. हे कागदावर कळत नाही, खेळून बघावं लागतं.

‘सेलेस्ट’ (२०१८) या गेममध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंदापर्यंत उडी मारता येते. कोडमध्ये हा फक्त एक आकडा. फार कमी ठेवला तर ‘अरे, मी बटण दाबलं होतं!’ म्हणत खेळाडू चिडणार, फार वाढवला तर पात्र हवेत चालतंय असं वाटणार. याच गेमचं पहिलं छोटं रूप चार दिवसांत तयार झालं होतं. पूर्ण गेम यायला मात्र वर्षं गेली. चार दिवसांत कल्पना उभी राहिली होती. बिजागऱ्या नंतर बसवल्या गेल्या.

दुसरा मुद्दा: हा दोष फक्त बाहेरच्यांचा नाही. रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२ च्या पेपरमध्ये लोकांना विचारलं, झिप, फ्लश, कुलूप कसं चालतं हे तुम्हाला किती समजतं? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग पायरीपायरीने समजावून सांगायला लावलं, आणि पुन्हा विचारल्यावर तेच गुण घसरले. सिनेमाची गोष्ट किंवा एखादी कृती सांगताना असा भ्रम फारसा दिसला नाही. तो यंत्रणेबाबत जास्त होता. गेम आपल्याला सिनेमासारखा दिसतो, पण असतो कुलुपासारखा. म्हणून शेकडो तास गेम खेळलेला माणूसही फसतो, आणि प्रोग्रामिंग येणारी मीही फसले.

यातून प्रपोजलसाठी एक साधी सवय लावून घ्या. ‘ॲप तयार करणे’, ‘डेटा स्वच्छ करणे’, ‘मुलाखती घेणे’ अशी प्रत्येक ओळ गाईडला दाखवण्याआधी मित्राला पायरीपायरीने मोठ्याने सांगा. मध्येच तुम्ही ‘मग ते होतं’ असं म्हणाल. तिथे थांबा आणि पेन्सिलीने खूण करा. तुमचे साडेचार महिने तिथेच जाणार आहेत.