स्वच्छ दिसणारे धुराडे

सिमेंट कारखान्याचे प्रदूषण शिकवताना आपण फळ्यावर दोनच गोष्टी लिहितो : धूळ आणि चुनखडीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड. नायट्रोजनची ऑक्साइडे मोटारींच्या धड्यात जाऊन पडतात. ही वाटणी आम्हाला घातक वाटते. धूळ अडवली की धुराडे स्वच्छ दिसते आणि प्रश्न सुटला असे विद्यार्थी धरून चालतो. नायट्रिक ऑक्साइडला मात्र रंग नाही आणि धूळ गाळणाऱ्या पिशव्यांतून तो सहज निसटतो.

क्लिंकर बनायला माल १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. त्यासाठी भट्टीतली ज्वाला २००० अंशांच्या आसपास असते. एवढ्या उष्णतेत हवेतला एरवी निष्क्रिय असणारा नायट्रोजनही ऑक्सिजनशी संयोग पावतो. म्हणून ‘चांगला कोळसा वापरा’ हे पुस्तकी उत्तर इथे अपुरे पडते. (भट्टीआधीच्या कॅल्सिनरमध्ये तापमान ९०० अंशांच्या आसपास असते, तिथे मात्र जळणातला नायट्रोजन भोवतो.)

ज्वालेला हवा टप्प्याटप्प्याने देणे हा एक उपाय. दुसरा, गरम वायूंत अमोनिया किंवा युरियाचे द्रावण फवारणे. त्यातून नायट्रोजन आणि पाण्याची वाफ उरते. समीकरण सुबक आहे, पण ते साधारण ८५० ते १०५० अंशांतच नीट चालते. तापमान फार वाढले तर अमोनियाच जळून नायट्रिक ऑक्साइड बनतो, कमी पडले तर अमोनिया तसाच बाहेर जातो. फळ्यावर ही अट क्वचितच येते.

आता नियम पाहू. केंद्राच्या २०१४ च्या अधिसूचनेने नव्या भट्ट्यांना घनमीटरमागे ६०० मिलिग्रॅम आणि जुन्यांना ८०० अशी मर्यादा घातली. २०१६ च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या जुन्या भट्ट्यांना १००० पर्यंत मुभा मिळाली. युरोपीय संघाने २०१३ साली प्रीहीटर भट्ट्यांसाठी २०० ते ४५० ही पातळी शक्य मानली होती. जुनी यंत्रे बदलणे खर्चाचे आहे, हे आम्हाला मान्य. पण चंद्रपूरसारख्या सिमेंटच्या जिल्ह्यात जुन्या भट्टीशेजारच्या मुलाने जास्त वायू का सोसावा, याचे उत्तर त्या मुभेत नाही.

एक चलाख विद्यार्थी विचारीलच : धुरात ताजी हवा मिसळून आकडा उतरवता येईल की! नाही येत. मोजलेला आकडा १० टक्के ऑक्सिजनच्या पायावर आणावा लागतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के धरू. धुरात १५ टक्के ऑक्सिजन असताना ३०० मिलिग्रॅम भरले, तर ३०० ला (२१ − १०) ने गुणून (२१ − १५) ने भागायचे. खरा आकडा ५५० येतो. नववीच्या वर्गात हे गणित घालून पाहावे.